पुढच्याच्या पुढचं घर

सरांनी फळ्यावर एक चौकोन काढला. त्यातून एक बाण, बाणाच्या टोकाला दुसरा चौकोन, त्यातून पुन्हा बाण. असं करत ते फळ्याच्या पार कडेला पोचले, शेवटच्या बाणापुढं फुली मारली आणि हात झटकले. "ही लिंक्ड लिस्ट," म्हणाले. उन्हाळ्याची दुपार होती, वीज गेलेली, खिडकीतून गरम वारा येत होता आणि मी बसल्या बसल्या पेंगत होते. मला चौकोन दिसलेच नाहीत. मला मेंढ्या दिसल्या. एकीचं तोंड पुढचीच्या शेपटीकडं, तिचं तिच्या पुढचीच्या शेपटीकडं, आणि सगळ्यात पुढं मोकळा माळ.

"प्रत्येकाला आपल्या पुढचा कुठं आहे एवढंच माहीत असतं," सर सांगत होते. "एकूण किती आहेत हे कुणालाच ठाऊक नसतं. शोधायचं असलं तर पहिल्यापासून चालत जावं लागतं."

मी खाडकन जागी झाले. तंत्रनिकेतनात आल्यापासून फळ्यावर जे जे आलं ते सगळं डोक्यावरून गेलं होतं, आणि हे एकच मला आधीपासून येत होतं. मला ते आबांनी शिकवलं होतं. आबांना सही करतानाही घाम फुटायचा.

आबा म्हणजे माझे वडील. आम्ही पिशोरकडचे, मेंढ्या राखणारं घर. आबा मेंढ्या कधी मोजत नसत. मोजलं की नजर लागते, यावर ते ठाम होते, आणि कुणी पाहुण्यानं "किती हायेत?" असं विचारलं तर त्याला चहासुद्धा विचारायचे नाहीत. मग संध्याकाळी कळप मेंढवाड्यात शिरताना सगळ्या आल्या हे कळायचं कसं? आबा कळपाच्या मागून चालत, म्हणून सगळ्यात मागची मेंढी त्यांना सगळ्यात जवळची. तिथून सुरुवात करून ते पुटपुटत जायचे. लंगडीच्या पुढं भुरी. भुरीच्या पुढं कानफाटी. कानफाटीच्या पुढं दोन पिलांची. मी त्यांच्या खांद्यावर बसलेली असायचे, धुळीत सूर्य मावळत असायचा, आणि ती नावं कानात शिरता शिरता माझे डोळे मिटायचे. त्या माळेच्या शेवटापर्यंत मी कधी जागी राहिल्याचं मला आठवत नाही.

मग पाऊस एका वर्षी रुसला आणि दुसऱ्या वर्षी आलाच नाही. माळावर गवताची काडी राहिली नाही. आबांनी मेंढ्या विकल्या आणि आम्ही शहरात आलो. शहर म्हणजे चिकलठाणा, तेही त्याच्या पाठीमागचा माळ, जिथं तेव्हा फक्त प्लॉटचे दगड रोवलेले होते. ज्याला जिथं जागा मिळाली तिथं त्यानं चार पत्रे उभे केले. आबा एका कारखान्यात खोकी उचलायला लागले. विमान उतरायला आलं की आमच्या पत्र्यांवरून इतकं खालून जायचं की आई बोलता बोलता वाक्य अर्धं सोडायची आणि ते गेल्यावर बरोबर तिथूनच पुढं सुरू करायची.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी राहायची. सख्खी नव्हे, शेजारची. नवरा वारलेला, लेक जालन्याकडं दिलेली, आणि ती एकटी. कारखान्यात झाडलोट करायची. तिच्या घरात एक खोली, एक खाट आणि भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो. माझी दहावी झाली तेव्हा आबांच्या मनात मला घरी बसवायचं होतं. मावशी आली, आमच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "दादा, पोरगी शाळेतनं काढली तर मी तुमच्या दारात पाय ठिवणार नाय. सांगून ठिवते." आबा तिला टरकून असायचे. तंत्रनिकेतनाचा फॉर्म भरला गेला. पहिल्या दिवशी माझ्या पायात नीट चप्पल नाही हे पाहून तिनं मला शहागंजात नेलं, पाच दुकानं फिरवली, सहाव्या दुकानदाराशी कडाकडा भांडली आणि चप्पल घेऊन दिली. मी आज जी काही आहे ती त्या उंबऱ्यावरच्या धमकीमुळं आहे, आणि हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगते.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करायचा होता. ती वर्षंही दुष्काळाचीच होती. दर तीन दिवसांनी टँकर यायचा, गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर उभा राहायचा, आणि घरटी आठ हंडे मिळायचे. यादी एका चाचांकडं होती. त्यांचं जुन्या शहरातलं घर रस्ता रुंद करताना गेलं, म्हणून ते आमच्यात आले होते. अत्यंत सरळ माणूस. पण यादी ते उर्दूत लिहायचे आणि दुसऱ्या कुणालाच उर्दू वाचता येत नव्हती. त्यामुळं ज्याचा नंबर उशिरा यायचा त्याला वाटायचं, चाचांनी काहीतरी केलं. दर टँकरला भांडण. शेवटी चाचा मला म्हणाले, "बेटी, मेरेकू नक्को अब ये. तेरी मशीन में डाल दे सब के नामां."

मी डाललं. एकसष्ट घरं. प्रत्येक घराची एक ओळ: घराचा नंबर, नाव, माणसं किती, हंडे किती. सी भाषेत अशा ओळीसाठी आधी एक साचा करावा लागतो आणि त्याच साच्यात शेवटी एक खाना ठेवावा लागतो, पुढची ओळ कुठं आहे हे सांगणारा. वर्गातली सगळी पोरं त्याला इंग्रजीतच नेक्स्ट म्हणायची. मी इंग्रजी अक्षरांत 'पुढचा' लिहिलं. लॅबमधली मुलं फिदीफिदी हसली. हसू देत. मला ते नाव वाचलं की धूळ दिसायची आणि झोप यायची आणि बरं वाटायचं.

त्या लॅबमधल्या दुपारी मी अजून विसरलेले नाही. निळा पडदा, पिवळी अक्षरं, बाहेर रखरखाट, आणि मी एकेका घराला जागा देत बसलेली. लिंक्ड लिस्टमध्ये घरं शेजारी शेजारी लागत नाहीत. जिथं रिकामी जागा मिळेल तिथं ओळ जाऊन बसते, अगदी आमच्या वस्तीसारखी. फक्त कुणाच्या पुढं कोण हे धरून ठेवायचं. एक गंमत होती. ओळी फाइलीत साठवता यायच्या, पण हे पत्ते साठवून उपयोग नसायचा. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं की सगळ्यांना नव्या जागा मिळायच्या आणि कालचे पत्ते खोटे व्हायचे. म्हणून रोज फाइलीतून एकेक ओळ उचलायची, तिला जागा द्यायची आणि तिची पुढच्याशी पुन्हा ओळख करून द्यायची. रोज नव्यानं एक वस्ती वसायची आणि लॅब बंद झाली की उठून जायची. मला ते फार आवडायचं. आम्हीही तसेच तर आलो होतो.

पहिली यादी छापून आणली तेव्हा चाचांनी कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला आणि अक्षरं जुळवत एकेक नाव वाचत गेले. कुणी भांडलं नाही. इंग्रजी अक्षरं सगळ्यांना सारखीच परकी, त्यामुळं सगळ्यांचा विश्वास बसला. आबा त्या दिवशी शिफ्टवरून आले आणि गल्लीभर कारण नसताना दोनदा फिरून आले.

पुढं एक घर उठलं. तेविसाव्या नंबरचं कुटुंब काम मिळालं म्हणून पुण्याकडं गेलं. यादीतून त्यांची ओळ काढायची होती, आणि मधली ओळ काढणं हे लिंक्ड लिस्टचं अवघड काम. पुस्तकात वाचून माझ्या डोक्यात गुंता झाला. म्हणून मी आबांना विचारलं.

"आबा, मधलीच एखादी मेंढी मेली, तर तुमची माळ कशी जोडायची?"

आबा तंबाखू मळत होते. "त्यात काय? पुढचीच्या पुढचीला धरायचं. भुरीच्या पुढं कानफाटी व्हती, ती मेली. मंग भुरीच्या पुढं दोन पिलांची. झालं."

पुढच्याच्या पुढचा. इतकं सोपं, इतकं सुंदर वाक्य मला सबंध पुस्तकात सापडलं नव्हतं. मी ते वहीत लिहिलं, दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं प्रोग्रॅममध्ये घातलं, आणि यादी छापली. तेविसावं घर गेलेलं होतं. मी तेवढंच पाहिलं. जो काढला तो निघाला का हे बघितलं, जे राहायला हवेत ते राहिले का हे बघायचं मला सुचलं नाही. फाइल साठवून, कागद पिशवीत घालून मी घरी आले, आणि येताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

त्यानंतर टँकरमध्ये पाणी उरायला लागलं. एका घराचं उरायला हवं होतं, उरत होतं दोन घरांचं. पण उरलेलं पाणी कोण मोजतो? लोक खूश होते. चाचा म्हणायचे, "कंप्यूटर का कागज है, पानी भी बचाता." उरलेल्यातले दोन हंडे ते आमच्या घरी पाठवायला लागले, यादी करणारीचं घर म्हणून. आईनं त्या पाण्यात एकदा माझे केस धुतले. कितीतरी महिन्यांनी डोक्यावरून इतकं पाणी पडलं होतं. मी डोळे मिटून बसले होते आणि वाटत होतं, हे मी कमावलंय.

असे चार टँकर झाले. एका संध्याकाळी मी जालना रोडवरून सिटी बसनं येत होते. खिडकीतून मावशी दिसली. डोक्यावर प्लॅस्टिकचा कॅन, एक हात वर धरलेला, आणि रस्त्याच्या कडेनं ती हळू चाललेली. कॅन भरलेला होता हे तिच्या मानेवरून कळत होतं. बस पुढं निघून गेली. मी आधी नुसतीच बघत राहिले, स्वप्नात एखादं ओळखीचं माणूस भलत्याच ठिकाणी दिसावं तशी.

घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "मला वाटलं लेकीकडं गेली असंल. टँकरवर दिसली नाय कवाच."

मी पिशवीतली यादी काढली आणि आबांसारखं बोट ठेवून, पुटपुटत पहिल्या नावापासून चालत निघाले. एकविसाच्या पुढं बावीस. बावीसच्या पुढं पंचवीस.

चोवीस नंबर मावशीचा होता.

मी प्रोग्रॅमची वही उघडून आबांच्या पुढ्यात बसले, मांडणीवरचे चार डबे खाली घेतले आणि त्यांना दाखवलं. हा बावीस, हा तेवीस, जो गेला, हा चोवीस, हा पंचवीस. "तुम्ही सांगितलं तसंच केलं आबा. पुढच्याच्या पुढच्याला धरलं."

"तू व्हतीस कुठं धरताना?" आबांनी विचारलं.

मी तेविसाच्या डब्यावर बोट ठेवलं. प्रोग्रॅम चालत चालत त्या नावापाशी येऊन थांबायचा आणि तिथून पुढच्याचा पुढचा शोधायचा.

आबांनी चारही डब्यांवरून नजर फिरवली. "येडे," ते म्हणाले, रागावून नव्हे. "मेलेल्या मेंढीवर उभं ऱ्हाऊन कोण मोजतं? जित्या मेंढीवर उभं ऱ्हायचं. तिथनं पुढचीची पुढची." आणि त्यांनी माझं बोट उचलून बावीसच्या डब्यावर ठेवलं. तिथून पुढच्याचा पुढचा म्हणजे चोवीसच येत होता. कुठं उभं राहायचं हे आबांनी मला सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ते सांगायची गोष्टच नव्हती.

प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. एका शब्दाचं काम होतं. पण त्या संध्याकाळी मला त्या ओळीचाच विचार छळत होता. मी मावशीची ओळ पुसली नव्हती. ज्या दुपारी ती यादीतून सुटली त्या दुपारी लॅब बंद होईपर्यंत ती मशीनच्या आत जिथल्या तिथंच होती, नाव, नंबर, एक माणूस, आठ हंडे. फक्त तिच्याकडं जाणारा बाण कुणाकडंच उरला नव्हता. मग सरांनी बटण बंद केलं असेल. मी तेव्हा फाटकाबाहेर उसाचा रस पीत होते.

मी तशीच उठले आणि गल्लीच्या तोंडाशी गेले. मावशीचं दार उघडं होतं. ती खाटेवर बसून मान दाबत होती. कॅन कोपऱ्यात होता. मी उंबऱ्यातच सांगून टाकलं, "मावशी, तुझं नाव कुणी काढलं नव्हतं. माझ्या हातून सुटलं. माझी चूक झाली."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "सुटलं?"

"हो. कुणी मुद्दाम नाही केलं."

ती पुन्हा मान दाबायला लागली. मग म्हणाली, "पयल्या दिशी उभी व्हते मी. माझ्या मागच्यांची नावं आली, पार तुझ्या आईचं आलं. माझं नाय. म्हणलं, झालं. हितं बी झालं. भांडी उचलली अन् आले."

"विचारायचं ना कुणालातरी!"

"काय विचारू? आमच्या गावात हिरीवर माझी माय विचारायची. लई विचारायची. लांब उभी ऱ्हाऊन, हात जोडून. मी लहान व्हते, पर तवाच ठरवलं, आपुन नाय विचारायचं." मग मान दाबत ती सहज बोलल्यासारखं बोलली, "यादी तू करतीस हे मला म्हाईत व्हतं. म्हणून जास्त लागलं."

मला रडू फुटलं. मी रडत रडतच जमिनीवर बसले आणि बोटानं धुळीत चौकोन काढले, बाण काढले. कुठं उभी होते, कुणाला धरलं, कोण सुटलं. ती खाली वाकून नीट बघत होती. परीक्षेला आलेल्या बाहेरच्या सरांनीही पुढं इतकं लक्ष देऊन ऐकलं नाही.

"म्हंजी मी आतच व्हते?" तिनं विचारलं.

"आतच होतीस, मावशी. पण तुझ्यापर्यंत नेणारं कुणी राहिलं नव्हतं."

तिनं मान हलवली. चौकोनावरून तिची नजर माझ्यावर आली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"मशीनचं कळलं माय. त्याला काय डोळे हायेत? पर तू रोज सकाळच्याला माझ्या दारावरनं जातीस अन् सांजच्याला माघारी येतीस. बारा दिस झाले. येकदा 'मावशे' म्हणून हाक मारली असतीस, तर मीच नसतं का सांगितलं?"

परीक्षा होती, प्रोजेक्ट होता, बस चुकायची, असं बरंच काही जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. बारा दिवस मी त्या दारावरून तिचंच नाव असलेली, म्हणजे नसलेली यादी पिशवीत घालून गेले होते आणि मान वळवून आत पाहिलं नव्हतं. लाज वाटणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

मावशी उठली. कोपऱ्यातला कॅन कलता करून तिनं पेला भरला, काठोकाठ, आणि माझ्यापुढं धरला.

"पी. रडून घसा सुकला असंल."

पाणी कोमट होतं आणि त्याला प्लॅस्टिकचा वास होता. मी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि रिकामा पेला हातात धरून तिथंच बसून राहिले, ती जा म्हणेल याची वाट बघत. ती बराच वेळ म्हणाली नाही.